जुना डेस्कटॉप अपग्रेड करताना: खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत रोजची बरीच कामं अजून डेस्कटॉपवरच उरकतात. सेवा केंद्रातले दाखले, लग्नपत्रिकांचं डीटीपी, जिनिंगवरचा वजनकाटा, कृषी केंद्राचं बिलिंग, शाळेचं ऑफिस. मशीन आठ-दहा वर्षांचं झालं की दुकानदार नवं घ्या म्हणतो आणि ओळखीचा पोरगा रॅम टाका म्हणतो. दोघांचं ऐकण्याआधी हे वाचा. आमचं म्हणणं असं आहे: दुखणं कुठे आहे ते आधी बघा. मग साफसफाई, एसएसडी (फिरती चकती नसलेली नवी डिस्क), रॅम (चालू कामाची मेमरी) आणि लागलाच तर एसएमपीएस (डब्यातला वीज पुरवणारा सप्लाय), या क्रमाने जा आणि तिथे थांबा. त्यापुढचा पैसा क्वचितच वसूल होतो.

भाऊ, मना कॉम्प्युटर भलता हळू चालस. काय टाकू त्यामा?

लगेच काही टाकू नका. मशीन रडायला लागलं की त्याच वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा.

डिस्क सारखी १०० टक्क्यांवर आणि सीपीयू (प्रोसेसर) १०-१५ टक्क्यांवर असेल, तर जुनी हार्ड डिस्क अडवतेय. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर चिकटून बसली असेल, तर रॅम कमी पडतेय. इथे एक गुंता असतो. रॅम संपली की विंडोज उरलेलं काम डिस्कवर ढकलतं, त्यामुळे दोन्ही आकडे एकदम चढलेले दिसतात. अशा वेळी सगळं बंद करून फक्त ब्राउझर उघडा आणि मेमरीचा आकडा पुन्हा बघा. सीपीयूच १०० वर असेल, तर कोणता प्रोग्राम तो खातोय हे प्रोसेसेसच्या यादीत दिसतं. बऱ्याचदा एकावर एक बसवलेले दोन अँटीव्हायरस निघतात. त्यावर हार्डवेअर हा उपाय नाही.

सकाळी नीट चालणारं मशीन दुपारी बारानंतरच अडत असेल, तर या आकड्यांच्या नादी न लागता खाली उन्हाळ्याबद्दलचा प्रश्न वाचा.

माझ्या मशीनमध्ये नेमकं काय आहे, ते कसं कळेल?

सीपीयू-झेड नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम घ्या. त्यात प्रोसेसर, मदरबोर्डचं मॉडेल, रॅमचा प्रकार आणि कोणत्या स्लॉटमध्ये काय बसलंय, सगळं दिसतं. मशीन चालूच होत नसेल तर डब्याची (कॅबिनेटची) डावी बाजू उघडा. बोर्डाचं मॉडेल बहुधा प्रोसेसर आणि स्लॉटच्या मधल्या जागेत मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं.

आपल्या भागात असेंबल केलेल्या मशीनमध्ये जे बोर्ड जास्त सापडतात, त्यांची ओळख अशी. जी४१ म्हणजे एलजीए ७७५ सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा), कोअर टू ड्युओचा जमाना, रॅम जास्तीत जास्त ८ जीबी. एच६१ म्हणजे एलजीए ११५५, इंटेलची दुसरी आणि तिसरी पिढी, साधारण २०११ ते २०१३, डीडीआर३ रॅमचे दोन स्लॉट आणि १६ जीबीची मर्यादा. एच८१ म्हणजे एलजीए ११५०, चौथी पिढी. त्यानंतर एलजीए ११५१ आला, तो सहाव्या पिढीपासून. एएमडीच्या रायझनला २०१७ पासून एएम४ सॉकेट आहे, आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांना बाकीच्यांपेक्षा बरीच मोकळीक मिळते.

हे कागदाच्या कपट्यावर लिहून खिशात ठेवा. दुकानात गेल्यावर "जुना आय५ आहे" एवढं सांगून भागत नाही. दुसऱ्या पिढीचा आय५ आणि आठव्या पिढीचा आय५ यांच्यात सॉकेट, रॅम, बोर्ड यांतलं काहीच सारखं नाही.

एसएसडीने खरंच एवढा फरक पडतो का?

पडतो, आणि या पानावरची एकच गोष्ट करणार असाल तर हीच करा.

साध्या हार्ड डिस्कमध्ये चकती मिनिटाला ७२०० फेरे घेते. हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे ४ मिलिसेकंद. सुई योग्य जागी सरकायला आणखी ८-९. असे विखुरलेले तुकडे ती सेकंदाला ८० च्या आसपासच वाचू शकते. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचाव्या लागतात आणि त्या डिस्कभर पसरलेल्या असतात. एसएसडीत फिरणारं काही नाही. तोच तुकडा तिला मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून लवकर सापडतो. म्हणून सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेणारं मशीन अर्ध्या मिनिटाच्या आत डेस्कटॉप दाखवतं. प्रोसेसर तोच, रॅम तीच.

"आमच्या बोर्डाला जुनं साटा आहे, मग उपयोग काय?" असंही पुष्कळ जण विचारतात. साटा म्हणजे डिस्क बोर्डाला जोडायचं कनेक्शन. जी४१ आणि एच६१ वर साटा २ असतं. त्याची धाव सेकंदाला ३०० एमबीच्या आत, तर साटा ३ ची साडेपाचशेच्या घरात. मोठी व्हिडिओ फाइल कॉपी करताना हा फरक जाणवेल. पण विखुरलेल्या छोट्या फायलींना ३०० ची मर्यादा आड येतच नाही, आणि रोजचं काम त्या फायलींचंच असतं. बेधडक लावा.

किती जीबीची घ्यावी? ऑफिसच्या कामाला २४०-२५६ पुरते. फोटो स्टुडिओ आणि डीटीपीवाल्यांनी ५०० च्या आसपासची घ्यावी. जुनी हार्ड डिस्क ठणठणीत असेल तर ती डब्यातच राहू द्या, साठवणीला उपयोगी पडते. ती ठणठणीत आहे का, हे क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघा. तिथे पिवळा किंवा लाल इशारा दिसला, विशेषतः पेंडिंग सेक्टरचा (नीट वाचता न येणाऱ्या तुकड्यांचा) आकडा शून्याच्या वर असला, तर डेटा आजच दुसरीकडे घ्या. उद्यावर ढकलू नका.

एक सूचना. बंद करून वर्षानुवर्षं कपाटात ठेवायच्या बॅकअपसाठी एसएसडी वापरू नका. वीज न मिळता ती पडून राहिली, आणि तीही आपल्याकडच्या उन्हाळ्यात, तर तिच्यातला साठा हळूहळू विरू शकतो. बॅकअपला फिरणारी हार्ड डिस्कच बरी.

मग एनव्हीएमई (थेट बोर्डाच्या स्लॉटमध्ये बसणारी एसएसडी) का नको? ती तर अजून वेगवान आहे.

जुन्या बोर्डावर तिला जागाच नसते. अडॅप्टर लावून पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसवता येते, पण एच६१ किंवा जी४१ चं बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारा बोर्डावरचा प्रोग्राम) तिच्यावरून विंडोज सुरू करत नाही. बोर्डावर एम.२ स्लॉट असला तरी त्यात फक्त साटाचीच चालते की एनव्हीएमईसुद्धा, हे मॅन्युअलमध्ये तपासल्याशिवाय घेऊ नका.

विंडोज आणि सगळा डेटा तसाच राहील का, की सगळं नव्याने टाकावं लागेल?

क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, करता येतं. क्लोनझिला फुकट आहे, पण ते कीबोर्डवर चालतं आणि त्यात स्रोत आणि लक्ष्य या डिस्क उलट निवडल्या तर सगळं पुसलं जातं. म्हणून आधी डेटा बाहेर काढा, मग क्लोनिंगला हात लावा. मोठ्या हार्ड डिस्कवरून छोट्या एसएसडीवर जायचं असेल, तर आधी पार्टिशन लहान करावं लागतं.

आमचा कल मात्र नव्याने विंडोज टाकण्याकडे. आठ वर्षांचा कचरा क्लोनबरोबर नव्या डिस्कवर येतो. नव्याने टाकताना बायोसमध्ये साटाचा मोड आयडीई असेल तर तो एएचसीआय करून घ्या, आणि तो विंडोज टाकण्यापूर्वीच करा. नंतर बदलला तर बहुतेक वेळा निळा पडदा येतो. सेवा केंद्रवाल्यांनी बोटांच्या ठशांच्या यंत्राचा ड्रायव्हर आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा प्रोग्राम आधी हाताशी ठेवावा. टॅलीचा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते लिहून घ्यावं. डीटीपीवाल्यांनी फॉन्टचं फोल्डर कॉपी करून ठेवावं. जुन्या पत्रिका युनिकोडमध्ये नसतात, आणि तो ठरावीक फॉन्ट हरवला तर आख्खा मजकूर निरर्थक खुणांचा होऊन बसतो.

रॅम किती आणि कोणती?

आजच्या ब्राउझरला ४ जीबी पुरत नाही. ८ जीबीत ऑफिस, टॅली, सेवा केंद्राची पोर्टलं आरामात चालतात. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप एकत्र उघडत असाल तर १६ घ्या. त्यावर जाण्याचं कारण जुन्या मशीनवर जवळपास कुणालाच नसतं.

प्रकार चुकवू नका. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांच्या पट्टीतली खाच वेगवेगळ्या जागी असते आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका, पट्टी उलटी धरली आहे किंवा प्रकारच वेगळा आहे. डीडीआर३ मध्येही १.५ व्होल्ट आणि १.३५ व्होल्टची एल असे दोन प्रकार आहेत. एल प्रकारची पट्टी १.५ व्होल्टच्या बोर्डावर चालते. सहाव्या पिढीच्या ज्या बोर्डांना डीडीआर३एल लागते, तिथे मात्र १.५ ची टाकू नये.

ऑनलाइन डीडीआर३ ची ४ किंवा ८ जीबीची पट्टी नेहमीपेक्षा फारच स्वस्त दिसली तर वर्णन शेवटपर्यंत वाचा. "फक्त एएमडीसाठी" असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. त्या पट्ट्यांवर चिप्सची मांडणी वेगळी असते आणि इंटेलच्या बोर्डावर मशीन सुरूच होत नाही. चाळीसगाव-पाचोऱ्याकडून अशा पट्ट्या घेऊन येणारे ग्राहक नेहमी भेटतात. पट्टी खराब नसते, बोर्डही खराब नसतो, जोडी जमत नाही एवढंच.

दोन स्लॉट असतील तर ४ अधिक ४ ही जोडी एकट्या ८ पेक्षा बरी. दोन्ही वाटांनी डेटा जातो, आणि बोर्डावरच्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या मशीनला त्याचा फायदा जास्त. पुढे १६ करायचे असतील तर मात्र एकच ८ ची घ्या आणि एक स्लॉट मोकळा ठेवा.

२०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडीचे भाव चढले आहेत, म्हणून इथे किमती लिहीत नाही. विकत घ्यायच्या दिवशी दोन दुकानांत विचारा.

८ जीबी टाकली, पण ३.२ च दिसते.

विंडोज ३२ बिटचं आहे. ते एकूण ४ जीबीच्या पलीकडे बघू शकत नाही आणि त्यातलाही काही भाग हार्डवेअरसाठी राखला जातो. ६४ बिटचं विंडोज नव्याने टाकावं लागेल. नुसत्या अपडेटने ३२ चं ६४ होत नाही.

उन्हाळ्यात दुपारी मशीन आपोआप बंद पडतं. प्रोसेसर गेला का?

बहुधा नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर असतो. पत्र्याच्या गाळ्यात आत त्याहून जास्त. पंखा प्रोसेसरवर जी हवा मारतो तीच एवढी तापलेली असेल, तर प्रोसेसर तिच्याहून थंड राहूच शकत नाही. साधारण १०० अंशांच्या जवळ गेला की तो आधी स्वतःची गती कमी करतो आणि तरी भागलं नाही तर मशीन बंद होतं. ही त्याची स्वतःला वाचवायची सोय आहे.

डबा उघडून प्रोसेसरवरचा पंखा बघा. वरून स्वच्छ दिसला तरी फसू नका. जिनिंगच्या आसपासच्या मशीनमध्ये पंख्याची पाती आणि खालच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या (हीटसिंक) यांच्यामध्ये कापसाच्या तंतूंचा पांढरट थर घट्ट बसलेला असतो. नंदुरबार-दोंडाईच्याच्या मिरचीच्या गाळ्यांत तोच थर तांबूस असतो आणि तो उडवताना नाकातोंडाला रुमाल बांधावा लागतो. वरून ब्लोअर मारला तर हा थर आणखी खाली दबतो. पंखा हीटसिंकवरून सोडवून वेगळा करा, थर बोटांनी किंवा जुन्या टूथब्रशने उचलून काढा, मग ब्लोअर फिरवा. हे काम अंगणात करा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोरावर पंखा भन्नाट फिरला की बेअरिंग खराब होतं.

हीटसिंक उचललाच आहे तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली थर्मल पेस्टही बदला. जुनी वाळून पांढरी पडलेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसा. नवी तुरीच्या डाळीएवढी मधोमध टाका, पसरवत बसू नका, हीटसिंक दाबला की ती स्वतः पसरते. इंटेलच्या पंख्याच्या चार खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या. चारही बसल्या का हे बोर्डाच्या मागून बघायचं. एक खुंटी अर्धवट राहिली तरी मशीन दहा मिनिटांत तापतं.

पाण्याचा कूलर डब्याच्या दिशेने ठेवू नका. त्याचे बारीक तुषार बोर्डावर बसतात, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं आहे. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर पांढुरका डाग दिसला तर पट्टी काढून दात साध्या खोडरबराने हलके घासा. मशीन सुरू न होता नुसतं बीप वाजवत असेल, तर पुष्कळदा एवढ्यानेच सुरू होतं.

डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात. हे चालायचंच का?

मुळीच नाही. अपग्रेडवर एक रुपया घालायच्या आधी हे दुरुस्त करा.

एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात. एक फेजकडून डब्याच्या पत्र्याला, एक न्यूट्रलकडून. अर्थिंग चालू असेल तर तिथून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. टेस्टर लावला तर मंद पेटतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणूस झटका खाऊन पडत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण चालू मशीनला प्रिंटरची किंवा टीव्हीची वायर लावताना हाच ताण त्या पोर्टमधून निघतो. यूएसबी, एचडीएमआय आणि लॅनची पोर्टं अशी जळतात. नवी रॅम किंवा एसएसडीही अशा डब्यात सुरक्षित नाही.

जुन्या वाड्यांमध्ये आणि गावठाणातल्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाला वायरच नसते. वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा. आपली काळी माती वाळून भेगाळली की अर्थिंगचा रोध वाढतो, आणि फेब्रुवारीत नीट असलेली अर्थिंग मे महिन्यात निकामी होते.

वळवाच्या पावसाआधी आणखी एक सवय लावा: विजा चमकायला लागल्या की प्लगबरोबर लॅनची वायरही काढा. केबलवाल्याच्या तांब्याच्या वायरीतून आलेला झटका प्लग काढलेल्या मशीनचा बोर्डही मारतो.

एसएमपीएस बदलायला हवा का? त्यावर ४५० वॅट लिहिलंय.

डब्याबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तो हातात घ्या. फारच हलका लागला तर आत फार काही नाही. बायोसमध्ये १२ व्होल्टचा आकडा ११.४ ते १२.६ च्या बाहेर जात असेल, मशीन कारण नसताना रीस्टार्ट होत असेल, किंवा जाळीतून फुगलेले कपॅसिटर दिसत असतील, तर बदलाच. हे कपॅसिटर उष्णतेला सर्वांत आधी दबतात. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बोर्डावरचेही बघून घ्या. माथा सपाट असायला हवा. फुगलेला किंवा तपकिरी डाग असलेला दिसला तर त्या बोर्डावर नवा खर्च करू नका.

नवा घेताना ८० प्लसचा शिक्का आणि अॅक्टिव्ह पीएफसी असलेला घ्या. त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का ते बघा, असल्यास त्याला त्यामधलं काहीही चालतं, आणि संध्याकाळी व्होल्टेज १७० वर येणाऱ्या गावांत हीच सोय कामाला येते. स्वस्तातल्या काही एसएमपीएसच्या मागे ११५-२३० चं लाल बटण असतं. व्होल्टेज कमी आहे म्हणून ते ११५ वर सरकवू नका. पूर्ण दाब आला की स्फोटासारखा आवाज होऊन तो जातो.

घरी इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला?

लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला काही क्षण घेतो. एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण १५-१६ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल आणि ते चालू असेल तर निभावतं, नाहीतर मशीन रीस्टार्ट होतं. भारनियमनाच्या भागात ६०० व्हीएचा छोटा यूपीएस हवाच. त्यातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. आणि बायोस अपडेट करायचं असेल तर यूपीएसशिवाय हातसुद्धा लावू नका. मध्येच लाइट गेली तर बोर्ड उठत नाही.

यूट्यूब अडकतं. ग्राफिक्स कार्ड टाकू का?

कोणतं, यावर अवलंबून आहे. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रकारात पाठवतं. जुन्या प्रोसेसरमध्ये ते उलगडणारं वेगळं हार्डवेअर नसतं, सगळा भार प्रोसेसरवर येतो. दुकानात सर्रास सुचवलं जाणारं जीटी ७१० कार्डही व्हीपी९ उलगडत नाही, त्यामुळे ते टाकून यूट्यूब सुधारत नाही. जीटी १०३० ते करतं आणि ३० वॅटच्या आसपासच खातं. पण खरं सांगायचं तर ७२० वर बघितलं तरी बहुतेकांचं भागतं.

गेमसाठी पोरं हट्ट करतात तेव्हा एक हिशोब बघा. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट फक्त ७५ वॅट देतो. त्याहून मोठ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी ६ किंवा ८ पिनांची वायर लागते, आणि ती जुन्या एसएमपीएसला नसते. मोलेक्सपासून (डिस्कला लागणाऱ्या जुन्या चार पिनांच्या वायरीपासून) जोडवायर करून देणारे भेटतील. ती जोडवायर नको, तापते. जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर नव्या कार्डावर त्याचं पोर्ट नसतं, कन्व्हर्टर घ्यावा लागेल.

प्रोसेसर बदलून उपयोग होईल का?

एच६१ वर दुसऱ्या पिढीचा आय३ किंवा पेंटियम असेल, तर सेकंडहँड आय५-३४७० फायद्याचा. चार कोअर, ७७ वॅट, त्याच सॉकेटचा. पण तिसऱ्या पिढीसाठी बायोस अपडेट लागू शकतं, आणि ते जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करून घ्यायचं. सॉकेटमधल्या पिना वाकलेल्या नाहीत ना, हे टॉर्च लावून बघा. रायझनच्या एएम४ बोर्डवाल्यांनी बोर्ड कंपनीच्या यादीत बघून पुढच्या पिढीचा प्रोसेसर बिनधास्त घ्यावा. बाकी बहुतेकांना इथे थांबा असंच सांगू.

विंडोज ११ चालेल का?

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षेची वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस), ४ जीबी रॅम आणि इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० च्या आसपासचा प्रोसेसर लागतो. रॅम आणि एसएसडी वाढवल्याने ही अट पूर्ण होत नाही.

वळसा घालून बसवता येतं, पण पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कोअर टू ड्युओवर तर २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही, प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या सूचनाच नाहीत. बँकेचे आणि आधारचे व्यवहार ज्या मशीनवर होतात, तिथे वळसा घालू नका. घरी अभ्यास, इंटरनेट, टायपिंग एवढंच असेल तर लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, मराठी इन्स्क्रिप्ट त्यात तयार असतं. टॅली आणि कोरलड्रॉ विंडोजवरचेच, त्यामुळे त्या दुकानांना हा पर्याय नाही.

वजनकाटा जुन्या मशीनला जोडलाय. बोर्ड बदलला तर?

जिनिंग, दालमिल आणि बाजार समितीच्या आसपासचे लोक हे विसरतात आणि ऐन हंगामात अडकतात. काट्याचा इंडिकेटर ९ पिनांच्या सीरियल पोर्टने, म्हणजे कॉम पोर्टने बोलतो. नव्या बोर्डांच्या मागे ते पोर्ट बहुधा नसतं. पण बोर्डावर कॉम लिहिलेली पिनांची रांग असू शकते, आणि तिला जोडायची पट्टी स्वस्तात मिळते. आधी ते शोधा. नसेल तर यूएसबी ते सीरियल कन्व्हर्टर घ्या. नकली चिपचे कन्व्हर्टर टाळा, नवे ड्रायव्हर त्यांना ओळखून बंद पाडतात. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबीत लावला की पोर्टचा नंबर बदलतो आणि सॉफ्टवेअरला काटा दिसेनासा होतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन नंबर कॉम १ करा आणि ते यूएसबी ठरवूनच टाका.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचंही असंच. यूएसबीची वायर लावून विंडोजमधून छपाई होते, पण डॉसच्या जुन्या पावती-प्रोग्रामला एलपीटी १, म्हणजे प्रिंटरचं जुनं पॅरलल पोर्टच हवं असतं. त्याला पॅरलल पोर्टचं कार्ड लावा. अशा ठिकाणी आमचा सल्ला सरळ आहे: बोर्ड चालतोय तोवर त्याला हात लावू नका, एसएसडी टाका आणि हंगाम काढा.

आमचा डबा छोटा, कंपनीचा आहे. त्यात हे सगळं बसेल?

एसएसडी आणि रॅम बसते. डेल, एचपी, लेनोवोच्या बऱ्याच ऑफिस मॉडेलमध्ये एसएमपीएसचं कनेक्टर आणि आकार कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारातला साधा एसएमपीएस लागत नाही. ग्राफिक्स कार्ड घ्यायचं तर अर्ध्या उंचीचं, तशी पट्टी असलेलं.

सामान कुठून घ्यावं? मुंबईला स्वस्त मिळतं म्हणतात.

लॅमिंग्टन रोडवर किंवा सुरतेला भाव कमी निघतो, यात शंका नाही. पण वॉरंटीला तीच वस्तू तिथे परत न्यावी लागते आणि एका फेरीच्या भाड्यात वाचलेले पैसे जातात. एसएसडी, रॅम आणि एसएमपीएस आपल्याच गावच्या दुकानातून, सीरियल नंबर लिहिलेल्या जीएसटी बिलावर घ्या. एसएसडीला बहुधा ३ किंवा ५ वर्षांची वॉरंटी असते, आणि खान्देशातल्या उन्हाळ्यात ती वापरायची वेळ येऊ शकते. सेकंडहँड प्रोसेसर बाहेरून घेतला तरी चालेल, तो सहसा बिघडत नाही. जुना एसएमपीएस आणि जुनी हार्ड डिस्क मात्र सेकंडहँड कधीच घेऊ नका.

खर्च करूच नये, असं कधी म्हणाल?

बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही बदलायचे असतील तेव्हा. ते नवं मशीनच झालं, जुन्या डब्यात. कोअर टू ड्युओवर एसएसडीपलीकडे काही टाकू नका, ती एसएसडी निदान पुढच्या मशीनला लावता येईल. "नवा एच६१ बोर्ड आणि तिसऱ्या पिढीचा आय५" असं पॅकेज कुणी नवं म्हणून देत असेल तर नाही म्हणा. त्या पैशांत आठव्या पिढीचं रीफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेलं) ऑफिस मशीन मिळतंय का ते आधी बघा. विंडोज ११ त्यावर सरळ चालतं.

जुनी हार्ड डिस्क भंगारात देऊ का?

पुसल्याशिवाय नाही. सेवा केंद्राच्या डिस्कवर गावातल्या लोकांची आधार कार्डं, सातबारे, बँक पासबुकं स्कॅन केलेली पडलेली असतात. साधं फॉरमॅट केलं तर ती सहज परत काढता येतात. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना क्विक फॉरमॅटची खूण काढा, म्हणजे पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली जातात. मोठी डिस्क असेल तर रात्रभर लागेल. डिस्क चालतच नसेल तर स्क्रू काढून आतल्या चकत्यांवर खोल ओरखडे काढा. बोर्ड आणि एसएमपीएस जाळून तांबं काढणाऱ्याला देऊ नका, तो धूर विषारी आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असं सामान नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच जायला हवं, तेव्हा नवं सामान घेतानाच दुकानदाराला जुनं तो कुठे देतो ते विचारून घ्या.